मराठी मजकूर, पायथनचा कोड आणि ईमॅक्स : दीड वर्षाच्या वापरानंतर

रबाळे येथील ज्या लहानशा कंपनीत मी प्रोग्रॅमर म्हणून काम करते, तेथे आमचा बराचसा दिवस मराठीत भरलेले अर्ज, नावांच्या याद्या आणि पत्ते एका यंत्रणेतून काढून दुसऱ्या यंत्रणेत बसवण्यात जातो. कोड पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आणि माहिती पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असली, तरी डोळ्यांसमोर दिवसभर असते ती देवनागरी. दीड वर्षापूर्वी एका यादीत मी ‘कऱ्हाड’ हा शब्द शोधला, तेव्हा निम्म्याच ओळी सापडल्या. उरलेल्या ओळींतही ‘कऱ्हाड’च लिहिलेले होते आणि पडद्यावर ते तंतोतंत तसेच दिसत होते, पण एडिटरच्या, म्हणजे कोड आणि मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या लेखी तो शब्द तेथे नव्हता. या दोन ‘कऱ्हाडां’मध्ये नेमका फरक काय, हे त्या एडिटरलाच विचारावे कसे, ते मला ठाऊक नव्हते. त्या दुपारी मी एडिटर बदलण्याचा विचार प्रथमच गांभीर्याने केला आणि काही आठवड्यांच्या चाचपणीनंतर ईमॅक्स या एडिटरवर येऊन थांबले.

निवड करताना माझ्यासमोर खऱ्या अर्थाने तीनच नावे होती. एडिटर आपल्या गरजेप्रमाणे प्रोग्रॅम करता यावा आणि तो पुढील दहा वर्षे तरी टिकावा, एवढ्याच माझ्या अटी होत्या. दुसरी अट अनेकांना अनाठायी वाटते, परंतु हवा तसा घडवता येणारा म्हणून नावाजलेला ॲटम हा एडिटर डिसेंबर २०२२ मध्ये कायमचा थांबवण्यात आला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती तशी वाटणार नाही. एडिटरला वळण लावण्यात घातलेले महिने ही एक प्रकारची गुंतवणूक असते आणि ती बुडीत जाऊ नये, असे कोणालाही वाटणारच.

मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा पहिला पर्याय. २०१५ मध्ये आलेला हा एडिटर आमच्या कार्यालयात जवळजवळ सर्वांच्या पडद्यावर असतो आणि त्यात देवनागरी उत्तम दिसते, कारण त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझर आहे. त्याची एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, एका वेगळ्या प्रक्रियेत चालतात आणि मूळ एडिटरने जेवढी दारे उघडी ठेवली आहेत तेवढ्यांतूनच त्यांना आत शिरता येते. या रचनेचा लाभ असा की एखादे एक्स्टेंशन अडखळले तरी टाइप करणे सहसा थांबत नाही. तोटाही त्यातच आहे. जे दार ठेवलेलेच नाही, ते तुम्हाला पाडता येत नाही.

निओव्हिम हा दुसरा पर्याय. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या व्हीआयपासून ब्राम मूलेनार यांच्या १९९१ च्या व्हिमपर्यंत आणि तेथून २०१४ मध्ये फुटलेल्या निओव्हिमपर्यंत ही परंपरा येते. आज त्याची सर्व मांडणी लुआ या सुटसुटीत भाषेत करता येते आणि सर्व्हरवर झटपट एखादी ओळ बदलायची असेल तर मी अजूनही व्हिमच उघडते. अडले ते टर्मिनलपाशी, म्हणजे तो ज्या निव्वळ मजकुराच्या खिडकीत चालतो तिच्यापाशी. टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीच्या चौकोनात बसावे लागते. ‘राष्ट्र’, ‘वैशिष्ट्य’ अशा शब्दांना हा चौकोनांचा हिशेब मानवत नाही. त्यामुळे कर्सर एकीकडे आणि बदलणारे अक्षर दुसरीकडे, अशी गत होते. इंग्रजीतच काम असते तर माझी निवड कदाचित येथेच संपली असती.

ईमॅक्सचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगते. १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको नावाच्या एडिटरवर रचलेल्या मॅक्रोंचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांचा, संच म्हणून त्याचा जन्म झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने लिहिलेला ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांसमोर आला आणि आज आपण वापरतो तो त्याचाच वंशज आहे. माझ्याकडे सध्या फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेली ३० वी आवृत्ती आहे. एके काळी ‘आठ मेगाबाइट घेतो आणि तरी डिस्क खरवडत बसतो’ अशी त्याच्या नावाची फोड करून त्याची टिंगल होत असे. आज निव्वळ कोरा ब्राउझर उघडला तरी आठ मेगाबाइटांचा हिशेब कोणी विचारत नाही.

या एडिटरचा गाभा सी भाषेतला असून त्यात लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक दुभाष्या, म्हणजे इंटरप्रिटर, बसवलेला आहे, आणि एडिटर म्हणून आपल्याला जे जे दिसते त्याचा फार मोठा भाग त्या लिस्पमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे मूळ कारागिरांनी जी अवजारे वापरली तीच आपल्या हाती येतात. कंट्रोल-एच आणि के दाबून त्यानंतर कोणतीही की दाबली, की ती की कोणते फंक्शन चालवते, ते काय करते आणि त्याचा मूळ कोड कोठे आहे, हे ईमॅक्स स्वतःच सांगतो. तो कोड उघडावा, त्यातली एखादी ओळ बदलावी, कंसाच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई दाबावे, आणि एडिटर बंद न करता पुढच्याच क्षणी तो नव्या पद्धतीने वागू लागतो. या एका गुणावर मी भाळले आणि बाकीचे दोष त्यामुळेच सोसत आले आहे.

आता त्या ‘कऱ्हाड’कडे वळते. कर्सर पहिल्या ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ्हा’वर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह असे क्रमाने दाबले, तेव्हा बाजूला उघडलेल्या खिडकीत ईमॅक्सने सांगितले की येथे यू+०९३१ (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातील क्रमांक) हा ‘ऱ’ आहे, त्याच्या मागोमाग हलन्त, ‘ह’ आणि काना आहे, आणि हे सर्व मिळून अमुक फॉन्टच्या अमुक आकारांनी दाखवले आहे. दुसऱ्या ‘कऱ्हाड’मध्ये मात्र साधा ‘र’, म्हणजे यू+०९३०, त्यानंतर हलन्त आणि त्यानंतर यू+२००डी हे स्वतः न दिसणारे जोडचिन्ह होते. युनिकोडमध्ये या दोन्ही वाटांनी तो आडवा, पापणीसारखा ‘र’ उमटतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद करणाऱ्या मराठीला त्याची गरज असल्यामुळे ही अडचण आपल्या वाट्याला येते. कोणी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून ‘ऱ’ लिहिलेला असतो, कोणाचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतरित होऊन आलेला असतो, आणि डोळ्यांना सर्व सारखेच दिसते. शोध घेताना दोन वेगळे शब्द होतात, गावनिहाय बेरीज चुकते आणि दोष मात्र प्रोग्रॅमवर येतो. आमच्या यादीत तर ‘र’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन केलेला तिसरा प्रकारही निघाला.

यावर मी चौदा ओळींचे एक लिस्प फंक्शन लिहिले. निवडलेल्या मजकुराला ते आधी युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणते, ज्यासाठी ईमॅक्समध्ये तयार फंक्शन आहे आणि ज्याने नुक्त्याचा प्रकार आपोआप ‘ऱ’मध्ये मिसळून जातो. नंतर ‘य’ आणि ‘ह’ यांच्या आधी आलेला ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह यांचा गट शोधून तेथे ‘ऱ’ आणि हलन्त ठेवते, आणि शेवटी किती बदल झाले ते खालच्या ओळीत सांगते. जोडचिन्हे सरसकट पुसून टाकण्याचा मोह येथे आवरावा लागतो, कारण ‘क’ अर्धा दाखवून ‘क्ष’ होऊ न देण्यासारख्या ठिकाणी ते चिन्ह कोणीतरी मुद्दाम ठेवलेले असू शकते. हेच काम पायथनमध्ये करता आले नसते काय? अवश्य आले असते, आणि पुढे आम्ही ते तेथेही केले. फरक एवढाच की मजकूर वाचता वाचता, शंका आलेल्या परिच्छेदापुरते, एका कीने ते करून पाहणे आणि न पटल्यास तेथल्या तेथे मागे घेणे हे एडिटरमध्येच शक्य होते.

देवनागरीच्या बाबतीत आणखी दोन सोयी अशा आहेत की ज्यांचा उल्लेख मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळाला नव्हता. पहिली सोय टाइप करण्याची. संगणकाचा कीबोर्डच मराठीवर नेला, तर ईमॅक्सचे शॉर्टकट निकामी होतात, कारण कंट्रोल-एक्सच्या जागी त्याला कंट्रोल आणि कुठलेसे मराठी अक्षर ऐकू येते. ईमॅक्सच्या आतच इनस्क्रिप्ट आणि रोमन उच्चारानुसारी अशा दोन्ही पद्धती दिलेल्या आहेत. त्या कंट्रोल आणि उलट्या तिरप्या रेघेने चालू-बंद होतात आणि त्या चालू असतानाही शॉर्टकट जागच्या जागी राहतात. दुसरी सोय खोडण्याची आहे. डिलीट की पुढचे पूर्ण जोडाक्षर मात्रेसह उडवते, तर बॅकस्पेस मागचे एकेकच चिन्ह काढते, त्यामुळे ‘क्षी’ची केवळ वेलांटी बदलायची असेल तर सर्व अक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. शंका आलीच, तर ऑटो-कंपोझिशन-मोड बंद करून जोडाक्षरे सुटी करून पाहता येतात. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून अक्षरांची जुळणी हार्फबझ या सॉफ्टवेअर लायब्ररीकडे गेलेली आहे, आणि दिसण्याविषयी मला तक्रार करावीशी वाटलेली नाही. इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसाठी नोटो सॅन्स देवनागरी असा वेगळा फॉन्ट नेमण्यास एक ओळ पुरते. मात्र दोन्ही लिप्या एका ओळीत आल्या की त्या ओळीची उंची वाढून पान किंचित उसळते, आणि फॉन्टच्या आकाराचे प्रमाण जुळवण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

कोड लिहिण्याच्या नित्याच्या कामात ईमॅक्स आता मागे राहिलेला नाही, आणि याचे श्रेय गमतीने त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे कोडची पूर्तता, चुका दाखवणे, व्याख्येपर्यंत उडी मारणे ही कामे एका स्वतंत्र सर्व्हरकडे गेली आणि कोणत्याही एडिटरला ती मागून घेता येऊ लागली. २०२३ मधील २९ व्या आवृत्तीपासून त्यासाठी लागणारे एग्लॉट हे पॅकेज, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, ईमॅक्सबरोबरच मिळते. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटसाठी मॅजिट हे पॅकेज आहे, आणि बदलांचे हवे तेवढेच तुकडे निवडून कमिट करण्याची, म्हणजे नोंदवण्याची, त्याची पद्धत इतकी नेटकी आहे की काहीजण केवळ त्यासाठी ईमॅक्स ठेवतात. स्कॅन केलेल्या पावणेतीनशे अर्जांची नावे बदलायची होती तेव्हा फोल्डरची यादीच साध्या मजकुरासारखी संपादित करून, शोधा-आणि-बदला वापरून, एकदाच जतन केली आणि सर्व फाइलींची नावे बदलली. फाइलींची यादी हाही मजकूरच आहे, ही कल्पना अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पडल्यावर ती सोडवत नाही.

दोषांकडे वळायचे तर पहिला दोष असा की ईमॅक्स मुख्यतः एका वेळी एकच काम करतो. गेल्या जुलैत ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी साचल्यामुळे आम्ही सर्वजण घरून काम करत होतो आणि वर्तकनगरमधील माझ्या घरचे इंटरनेट पावसाच्या सरीप्रमाणे येत-जात होते. दूरच्या सर्व्हरवरील फाइल घरच्या संगणकावरच असल्यासारखी उघडून देणारी ट्रॅम्प ही सोय एरवी फार कामाची आहे, परंतु जोडणी तुटली की उत्तराची वाट पाहत सर्व एडिटरच स्तब्ध बसतो आणि कंट्रोल-जी दाबत राहण्याखेरीज काही करता येत नाही. त्या दिवशी एका गोष्टीचा मात्र लाभ झाला. ईमॅक्सचे संपूर्ण मॅन्युअल त्याच्या आतच असल्यामुळे इंटरनेट नसतानाही मी वाचत बसले होते.

दुसरा दोष माझ्या स्वतःच्या उतावळेपणातून उघड झाला. काम सुपुर्द करण्याच्या आदल्या रात्री मी सर्व पॅकेजे एकदम अद्ययावत केली आणि सकाळी एडिटर चुका दाखवणाऱ्या संदेशांचा ढीग मांडून अर्ध्यावर उभा राहिला. कोणतेही पॅकेज दुसऱ्या कोणत्याही पॅकेजच्या पोटात हात घालू शकते, या स्वातंत्र्याची ही किंमत आहे. डॅश-कॅपिटल-क्यू हा पर्याय देऊन कोरा ईमॅक्स उघडता येतो, त्यावर त्या दिवसाचे काम निभावले. तेव्हापासून माझी इनिट फाइल, म्हणजे ईमॅक्सची माझी सर्व मांडणी असलेली फाइल, आणि पॅकेजांचे फोल्डर दोन्ही गिटमध्ये असतात आणि अद्ययावत करण्याचे काम फक्त शनिवारी होते.

तिसरा दोष शरीराचा. कंट्रोल की कोपऱ्यात असल्याने करंगळीवर सतत ताण येतो. ज्या काळातल्या कीबोर्डांवर ही रचना रुजली त्यांतील काहींवर कंट्रोल स्पेसबारच्या शेजारीच असे, हे कळल्यावर रचनेमागचे तर्कशास्त्र पटते, पण करंगळी दुखायची थांबत नाही. मी कॅप्स लॉकलाच कंट्रोल केले आणि महिन्याभरात त्रास गेला. ज्यांना व्हिमच्या कीज सवयीच्या आहेत त्यांनी इव्हिल हे पॅकेज घेतल्यास हा प्रश्नच उरणार नाही. याखेरीज विंडोजवर मॅजिट जाणवण्याइतके संथ चालते, नोटबुकच्या स्वरूपातील पायथनसाठी आणि टप्प्याटप्प्याने डीबग करण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड आजही अधिक सुखाचा आहे, आणि ईमॅक्ससोबत येणारा धडा कितीतरी भाषांत असूनही मराठीत नाही.

मांडणी कोठून सुरू करावी, याबद्दल माझे मत प्रचलित सल्ल्याच्या विरुद्ध आहे. डूम किंवा स्पेसमॅक्स असे ईमॅक्सच्या मांडणीचे तयार संच पहिल्याच दिवशी घेऊ नयेत, असे मला वाटते. ते दिसतात देखणे आणि चालतात चपळ, परंतु एखादी की विचित्र वागली तर दोष ईमॅक्सचा, संचाचा की पॅकेजचा हे नवख्याला कळत नाही, आणि मग जो एडिटर विचारता येतो म्हणून घेतला त्यालाच विचारायचे कसे हे समजेनासे होते. मी पहिले तीन आठवडे कोरा ईमॅक्स, एग्लॉट, मॅजिट आणि फॉन्टची ती एक ओळ एवढ्यावरच काढले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीत बसायला जागा मिळाली तर फोनवर मॅन्युअलचे एक प्रकरण वाचायचे आणि कार्यालयात पोहोचल्यावर त्यातली एकच गोष्ट वापरून पाहायची, असा क्रम ठेवला. आज माझी इनिट फाइल दोनशे ओळींच्या आत आहे आणि तिच्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे मला सांगता येते.

या सर्वाला पैसे लागत नाहीत. आमच्या कंपनीत परवानगी मागितली तेव्हा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याचा एडिटर वापरला तर आपला कोडही खुला करावा लागेल काय, अशी शंका विचारण्यात आली. तसे काही नाही. एडिटरचा परवाना एडिटरपुरता असतो, त्यात लिहिलेल्या मजकुराला तो लागू होत नाही, एवढे समजावल्यावर परवानगी मिळाली. पैशांऐवजी लागतो तो वेळ, आणि पहिल्या महिन्यात माझा कामाचा वेग निश्चितपणे घटला होता. ज्यांना पुढील आठवड्यातच काम दाखवायचे आहे, ज्यांचे काम एकाच भाषेत आणि एकाच साच्यात चालते, किंवा ज्यांना एडिटर ही केवळ उघडून वापरायची वस्तू वाटते, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. कोड, याद्या, नोंदी, पत्रे असा नाना तऱ्हेचा मजकूर, आणि तोही मराठीत, ज्यांच्या हाताखालून जातो त्यांना मी तो आग्रहाने सुचवीन.

आमच्याकडे यंदा आलेल्या एका प्रशिक्षणार्थी मुलाला मी उत्साहाने माझ्या संगणकावर बसवले. दोन मिनिटे पडद्याकडे पाहून त्याने विचारले, “मॅडम, यात सेव्ह कुठून करायचं?” टूलबार मीच बंद करून ठेवलेला होता, त्यामुळे चूक त्याची नव्हती. तो दुसऱ्याच दिवशी आपल्या जुन्या एडिटरकडे परत गेला, परंतु ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’च्या याद्या घेऊन दर दोन-तीन दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊ लागला. ईमॅक्स खिडकी न उघडता, बॅच पद्धतीने, केवळ एक लिस्प फाइल चालवण्यापुरताही वापरता येतो. तशी दोन ओळींची स्क्रिप्ट करून मी त्याला दिली आहे, आणि आता तो दिवसातून चार-पाचदा ईमॅक्स चालवतो, फक्त त्याला तो दिसत नाही.